खान्देशातल्या घरातून ब्लॉगचा धंदा: ऊन, वीज आणि घरचं सगळं सांभाळून काम कसं उरकायचं

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो. दुपारी बारा ते पाच या वेळात सरळ वाक्य सुचत नाही, लॅपटॉपचा पंखा घोंघावतो, आणि लाइट जायची वेळही बहुतेक तीच. तरीही घरून ब्लॉग चालवणारे पुष्कळजण पुण्या-मुंबईच्या ऑफिससारखा दहा ते सहा असा दिवस आखतात. महिनाभरात तो मोडतो आणि आपल्याला शिस्त नाही असं वाटायला लागतं. चूक शिस्तीची नसते, वेळापत्रकाची असते. इथल्या हवेला आणि इथल्या घराला धरून दिवस लावला तर रोजच्या तीन चांगल्या तासांत हा धंदा उभा राहतो.

तीन तास कोणते

उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेआठ. तेव्हा खोली थंड असते, फोन वाजत नाही, गल्ली शांत असते. या तीन तासांत फक्त लिहायचं. फोटो छोटे करणं, कालचे आकडे बघणं, वाचकांना उत्तरं देणं, थीमचा रंग बदलणं यातलं काहीही नाही. ही कामं लिखाणासारखीच वाटतात, त्यात वेळ भरभर जातो, आणि आठवड्याच्या शेवटी लेख एकही झालेला नसतो. आकडे तर सकाळी उघडूच नयेत. काल वाचक कमी आले हे सहा वाजता कळलं की पुढचा तास त्याचं कारण शोधण्यात जातो.

आंघोळ, देवपूजा, नाश्ता झाल्यावर दहा ते बारा ही दुसऱ्या दर्जाची वेळ. तेव्हा कालचा मजकूर तपासा, फोटो काढा, लेख चढवा. बारा ते चार जेवण आणि आराम. फार तर हिशेब लिहा, ईमेल बघा. फोन, जाहिरातदारांशी बोलणं, बाजारात जाऊन माहिती आणणं हे पाचनंतर. संध्याकाळी पुन्हा लिहायला बसायचा मोह होतो, पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत असतो. तिथे संध्याकाळ सकाळपेक्षा कितीतरी वाईट.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळं पुढे सरकवा. सकाळी आठ ते अकरा उत्तम. पहाटेच्या थंडीत बोटं आखडतात आणि टायपिंगच्या चुका वाढतात.

आता तीन तासांत किती काम होतं त्याचं गणित. बाराशे-पंधराशे शब्दांच्या एका चांगल्या लेखाला माहिती जमवायला दोन तास, लिहायला तीन, फोटोंना एक, तपासून चढवायला दीड, म्हणजे साधारण साडेसात तास लागतात. आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन तास म्हणजे अठरा. त्यात दोन नवे लेख होतात आणि एक जुना लेख दुरुस्त करण्यापुरता वेळ उरतो. रोज एक लेख टाकायचा निश्चय करणारे तिसऱ्या आठवड्यात इकडून-तिकडून उचलायला लागतात, आणि गूगलच्या जाहिरातींची मंजुरी तिथेच अडते.

बसायची जागा

खालच्या मजल्यावरची उत्तरेची किंवा पूर्वेची खोली निवडा. पश्चिमेची भिंत दुपारी तापते आणि मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते. जुनं धाब्याचं घर असेल तर आतली खोली बाहेरच्यापेक्षा चांगलीच गार असते, मात्र जाड मातीच्या भिंतीतून मोबाइलची रेंज नीट येत नाही. अशा घरात राउटर कामाच्या खोलीतच हवा. पलीकडच्या ओसरीत ठेवलेल्या राउटरवर भरवसा ठेवू नका. फक्त वरची खोलीच मिळत असेल तर मार्चअखेर गच्चीला चुना किंवा पांढरा लेप द्या. काही अंशांचा फरक हाताला जाणवतो.

कूलरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे तो घरोघरी आहे आणि चुकीचा लावलेलाही घरोघरी दिसतो. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा हवा, आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी चारेक बोटं उघडी हवी. खोली पूर्ण बंद केली की ओल आतच साठते, अंग चिकट होतं आणि कागद मऊ पडतो. झोत टेबलावर सरळ येऊ देऊ नका. आपल्याकडच्या जड पाण्याने ताट्यांवर पांढरी खर बसते, पाणी सारखं झिरपत नाही आणि बारीक थेंब पंख्याबरोबर उडतात. ते लॅपटॉपच्या कीबोर्डात गेले की आधी दोन-चार कळा बंद पडतात, मग बोर्ड जातो. टाकीतलं पाणी दर चार दिवसांनी पूर्ण काढून टाका. ताट्या हंगामातून एकदा बदला. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा नुसता पंखा बरा.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी तो बनवतात. त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. 'लॅपटॉप हळू झाला' म्हणून नवा घेण्याआधी मागच्या बाजूने दीड-दोन इंच उचलून बघा. खाली लाकडाचे दोन ठोकळे पुरतात. गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालची जाळी बुजते. एप्रिल-मेच्या वावटळीत धूळ आत जाते, म्हणून महिन्यातून एकदा बंद करून जाळीतून हवा मारा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू ठेवा. उन्हाळ्यात दिवसभर शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर फुगते.

वीज आणि नेट

इन्व्हर्टर घेताना दुकानदार घरभराचं गणित सांगतो. तुम्हाला कामाच्या टेबलाचं गणित लागतं, ते असं. लॅपटॉप ६० वॅट, राउटर १२, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, दिवा ९, मिळून १११ वॅट. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही हे धरून साठ टक्के मोजा, म्हणजे १,०८०. नव्या बॅटरीवर हे टेबल नऊ-साडेनऊ तास चालतं. जुना ७५ वॅटचा पंखा असेल तर तेच सात तासांवर येतं. तीन-चार वर्षं वापरलेली बॅटरी असेल तर आकडा निम्मा धरा. १५०-२०० वॅटचा कूलर मात्र याच लाइनवर लावला की सगळं चार तासांत आटोपतं, आणि घरातले तो लावणारच. म्हणून टेबलाची लाइन वेगळी काढून घेतलेली बरी.

बॅटरीचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटतं. जिन्याखाली सावलीत, हवा खेळेल अशा जागी ती ठेवा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवाल तर दोन उन्हाळ्यांत संपेल. पाण्याची पातळी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

लाइट जाण्यापेक्षा परत येताना बसणारा झटका जास्त नुकसान करतो, आणि त्यात अर्थिंग नसेल तर संपलंच. पुष्कळ जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या भागावर हात फिरवल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर हे तपासून घ्या. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि असलेलं अर्थिंगही काम करत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. वळवाचं वादळ दिसलं की राउटरची आणि लॅपटॉपची पिन भिंतीतून काढून ठेवा. बटण बंद करणं पुरत नाही. लाइट गेली तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तो क्रमांक लिहून ठेवा.

नेटचं म्हणाल तर फायबर लाइट गेल्यावरही चालतं, फक्त तुमच्या राउटरला वीज मिळायला हवी. त्यासाठी छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तोही बसवा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला घेतो तो वेळ त्याने वाचतो. पण गावात कंपनीच्या पेटीतली बॅटरी काही तासांत बसते आणि मग तुमच्या घरी वीज असूनही नेट नसतं. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये असू द्या. पहिल्याच कंपनीचं दुसरं सिम घेऊन उपयोग नाही, टॉवर बसला की दोन्ही बसतात. हॉटस्पॉट लावलेला फोन चार्जिंगला ठेवू नका, उन्हाळ्यात तो तापून नेट मंद करतो. आणि लेख ऑनलाइन खिडकीत थेट टाइप करायची सवय सोडा. आधी कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये लिहा, मग चिकटवा. हजार शब्द लिहून झाल्यावर लाइट गेली की काय होतं हे एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा तसं करत नाही.

घरचे, पाहुणे, नळ

'घरीच तर आहे' या तीन शब्दांच्या समजुतीवर रागावून काही होत नाही. घरच्यांना कामाचं स्वरूप सांगण्यापेक्षा वेळ सांगा, आणि ती घड्याळापेक्षा घरातल्या खुणांनी सांगा. दूध येतं तेव्हापासून नाश्त्यापर्यंत दार लोटलेलं राहील, मग मी मोकळा. नंतर दिलेला शब्द पाळा: गिरणीवरून दळण आणणं, आईला दवाखान्यात नेणं, मुलांची वही बघणं यासाठी रोजची एक वेळ ठरवून द्या, समजा संध्याकाळी पाच. 'नंतर बघू' म्हणालात की विचारणारा दर अर्ध्या तासाने येतो. 'पाच वाजता' म्हणालात आणि खरंच पाचला उठलात तर आठ दिवसांत सकाळचं दार आपोआप शांत होतं.

ज्या बायका घर सांभाळून ब्लॉग चालवतात त्यांच्या दिवसात सगळ्यात मोठा खड्डा पडतो तो नळाच्या दिवशी. इथल्या अनेक शहरांत आणि गावांत पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा पहाटेच येतं. त्या दिवशी लिहायची अपेक्षाच ठेवू नका. पाणी भरता भरता होण्यासारखी कामं त्या दिवसासाठी बाजूला काढा: बोलून टिपणं काढणं, फोटो निवडणं, उत्तरं देणं. फोनवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आता चांगली चालते. अहिराणी शब्द मात्र ती हमखास चुकवते, ते नंतर हाताने दुरुस्त करा.

शेती असेल तर जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरपासूनची कापसाची वेचणी यांत आठवड्याला तीनच सकाळी धरा. लग्नसराईत दोन. आधी मान्य केलं की मनाला टोचत नाही.

एक लेख, हातातून जाताना

कळण्याच्या भाकरीवरचा लेख घेऊ.

पहिल्या दिवशी लिहायचं नाही. कोण शोधतंय एवढंच ठरवायचं. जळगावात राहणारी बाई हे शोधत नाही, तिला आईने शिकवलेलं असतं. शोधते ती पुण्याला किंवा सुरतेला गेलेली मुलगी, जिच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला कळणा म्हणजे काय ते ठाऊक नाही. मग लेखात प्रमाण आधी आलं पाहिजे: चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट काळे उडीद, आणि मीठ दळणातच. बाजरीचा कळणा करणारी घरंही आहेत, तेही लिहा. मग गिरणीवाल्याला काय सांगायचं. मग भाकरी का तुटते: पीठ शिळं झालं, पाणी थंड घेतलं, मळायचा कंटाळा केला. उडदाच्या चिकटपणाने नुसत्या ज्वारीपेक्षा ही भाकरी थापायला सोपी जाते, हे वाक्य नवख्याला धीर देतं. 'खान्देश ही चवींची भूमी आहे' असल्या सुरुवातीची गरज नाही. वाचकाचा पीठ लागलेला अंगठा पडद्यावर असतो.

दुसऱ्या सकाळी सलग लिहून काढा, मागे वळून दुरुस्ती न करता. तिसऱ्या सकाळी मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा, आणि प्रत्येक आकडा पुन्हा तपासा. लिहिलेल्या दिवशीच तपासलं तर डोळा आपल्याला हवं तेच वाचतो.

फोटो सकाळच्या उजेडात, पूर्वेच्या खिडकीशी, दिवा बंद करून. पिवळ्या बल्बखाली काळसर भाकरी जळलेली दिसते. मुख्य फोटो १,२०० पिक्सेल रुंद ठेवा, कारण गूगल डिस्कव्हरमध्ये (फोनवर गूगल आपणहून दाखवतं त्या लेखांच्या यादीत) मोठा फोटो दिसायला एवढी रुंदी लागते. पण वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बदलून वजन दीडशे केबीच्या आत आणा. शेतात उभं राहून वाचणाऱ्याकडे तालुक्याच्या गावासारखं नेट नसतं.

लिंक रोमन अक्षरांत ठेवा. मराठी लिंक व्हॉट्सअॅपवर चिकटवली की पुष्कळदा टक्क्यांच्या खुणांची माळ होते: देवनागरीतल्या एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'कळण्याची-भाकरी' एवढ्याच शब्दांची ११८ होतात. लोकांना ती लिंक खोटी वाटते आणि ते उघडत नाहीत. लिंकमध्ये साल टाकू नका, म्हणजे तोच लेख दरवर्षी ताजा करता येतो.

शब्द दोन्ही ठेवा. कोणी आखाजी शोधतं, कोणी अक्षय्य तृतीया. खान्देशातल्या देवीचं नाव कोणी कानबाई लिहितं, कोणी कानुबाई. पहिल्या परिच्छेदात दोन्ही सहज आले की पुरे. महिन्याने गूगलचं सर्च कन्सोल उघडून लोक खरोखर कोणत्या शब्दांनी आले ते बघा. रोमन लिपीत मराठी टाइप करणारे किती असतात ते तिथे दिसतं.

जुना मजकूर पूर्वीच्या छपाईच्या (डीटीपी) फॉन्टमध्ये असेल तर तो ब्लॉगवर चिकटवल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या आणि मग जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा. बदलताना रफार हमखास सरकतो. रोज हजारभर शब्द लिहायचे असतील तर विंडोजमध्येच असलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. पंधरा दिवस जड जातात, मग रोमनमधून मराठी करण्यापेक्षा वेग वाढतो.

केव्हा काय टाकायचं

शोधयंत्राला लेख सापडून वर यायला आठवडे लागतात, म्हणून सणाचा लेख सणाच्या आठवड्यात टाकणं म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका वाटणं. सहा ते आठ आठवडे आधी चढवा. कानबाईचा उत्सव श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, तेव्हा नैवेद्याच्या रोटांवरचा, गाण्यांवरचा लेख जूनमध्येच तयार हवा. दत्त जयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तिथे कसं जायचं, कुठे उतरायचं हे ऑक्टोबरात लिहा. भरीत पार्ट्यांचा जोर डिसेंबर-जानेवारीत असतो. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या वांग्याची ओळख, बाजारात ते निवडायचं कसं, कपाशीच्या काड्यांवर आणि गॅसवर भाजण्यातला फरक काय, हे सगळं ऑक्टोबरअखेर वर असू द्या. रावेर-यावलच्या केळीवर लिहिणारा शेतीचा ब्लॉग असेल तर तिथे सणांऐवजी लागवड आणि रोगांचं कॅलेंडर चालतं. रोगाचा लेख लक्षणं दिसण्याआधी हवा.

फोटोंची बेगमीही अशीच करा. भरीताचे फोटो या जानेवारीत काढा, ते पुढच्या ऑक्टोबरात लागतील.

पैसा

गूगल अॅडसेन्स, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा, २०१८पासून मराठी मजकुराला चालते. अर्ज नामंजूर होण्याचं नेहमीचं कारण 'मजकुराला मूल्य कमी' असं येतं, आणि त्यामागे बहुधा उचललेल्या बातम्या, दोनशे-तीनशे शब्दांचे तुकडे, किंवा 'आमच्याविषयी', 'संपर्क' आणि गोपनीयतेचं पान नसणं असतं. यंत्राकडून ढिगाने लेख तयार करून टाकू नका. मार्च २०२४पासून गूगलच्या नियमांत असा ढीग घालण्यावर स्पष्ट बंदी आहे.

खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याच्या खात्रीसाठी साध्या टपालाने पिन येतो, दोन ते चार आठवड्यांत. गावात तो हमखास गहाळ होतो. पत्त्यात वाडा-गल्लीची खूण, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे १०० डॉलर जमल्यावर, महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. बँक खात्यावरचं नाव आणि अॅडसेन्सवरचं नाव तंतोतंत एक हवं. पतसंस्थेचं किंवा छोट्या बँकेचं खातं इथे अडतं, कारण परदेशातून रक्कम यायला स्विफ्ट कोड लागतो. राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या शाखेलाही स्वतःचा कोड नसतो. जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शाखेचा कोड मागून घ्या, आणि पहिली रक्कम आली की बँक कशाचे पैसे म्हणून विचारते, तिला 'ऑनलाइन जाहिरातीचं उत्पन्न' असं लेखी द्या.

फक्त या जाहिरातींवर मराठी ब्लॉगचं घर चालवणं कठीण आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. स्थानिक जाहिरातदार जोडा: पापड-मसाल्याचा घरगुती उद्योग, बियाणं-अवजारांचं दुकान, लग्नाचे लॉन. महिन्याचा दर ठरवा, निम्मे पैसे आधी घ्या, काय मिळणार ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, आणि लेखाच्या वरतीच 'जाहिरात' असं लिहा. हे लपवणं वाचकाशी खोटं बोलणं आहे, आणि नियमांतही बसत नाही. अॅमेझॉनच्या लिंका लावणार असाल तर वाचक यायला लागल्यावरच खातं उघडा. १८० दिवसांत तीन खरेद्या झाल्या नाहीत तर ते बंद होतं.

ब्लॉगच्या पैशांसाठी वेगळं खातं ठेवा. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. वर्षाचा आयकर १० हजारांच्या वर जाणार असेल तर आगाऊ करही भरावा लागतो. त्याआधीच एकदा सीएकडे बसा. होस्टिंग, नेट, इन्व्हर्टरची बॅटरी यांच्या पावत्या एका फाइलीत ठेवल्यात तर तो तासाभरात काम उरकतो.

हातचं जाऊ नये म्हणून

डोमेनची, म्हणजे ब्लॉगच्या पत्त्याच्या नावाची, मुदत संपायच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. कार्ड बदललं की आपोआप होणारं नूतनीकरण गुपचूप अडतं आणि नाव दुसराच घेऊन जातो. ज्या सिमवर ओटीपी येतात ते रिचार्ज न करता सोडू नका, काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला मिळतो. ईमेलला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा आणि मिळालेले राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. दर रविवारी पूर्ण ब्लॉगची प्रत काढा, एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर. तीन महिन्यांतून एकदा ती उघडून बघा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

आणि चार लेख नेहमी तयार, वेळ लावून ठेवलेले असू द्या. उन्हाळ्यात घरात कुरडया-पापड होतात तसेच हे फेब्रुवारी-मार्चच्या गार सकाळी करून ठेवायचे. असे लेख निवडा ज्यांना तारीख नाही: शेवभाजीचा मसाला, पाटणादेवीला जायचा रस्ता, वांग्याची प्रतवारी. सकाळी सहाची वेळ लावा, म्हणजे चहाबरोबर फोन उघडणाऱ्याला लेख समोर दिसतो. घरात लग्न निघालं, ताप आला, रोहित्र जळून चार दिवस अंधार झाला, तरी दोन आठवडे ब्लॉग चालू राहतो. साठ्यातला एक लेख वापरला की पुढच्या सोमवारी पहाटे पहिलं काम तो भरून काढण्याचं.